थट्टा की छळ?
(तरुण संघ व शब्बाथशाळा चालविणाऱ्यांसाठी शास्त्राभ्यास)

शास्त्रपाठ : उत्पत्ती २१:८-२१, १ शमुवेल १:१-१८, मत्तय १८:१-२०

मराठीत एकमेकांना चिडविण्याच्या क्रियेला नावांची वाण नाही. थट्टा, मस्करी, चेष्टा, टिंगल, टवाळी, कुचेष्टा, विटंबना अशा पायऱ्या उतरत उतरत आपण छळापर्यंत पोहोचतो; मात्र कोणती पायरी कोठे संपली हे वर उभे राहून हसणाऱ्याला दिसत नाही. जो खाली ढकलला जातो त्याला प्रत्येक पायरी लागते.

समजा, तरुण संघाच्या उन्हाळी शिबिरात तेरा वर्षांचा एक मुलगा आला आहे. पहिल्याच दिवशी त्याच्या रंगावरून त्याला एक नाव पडते. रात्री त्याच्या अंथरुणावर पाणी ओतले जाते. सकाळच्या भक्तीत त्याने प्रार्थना करावयास तोंड उघडले की मागच्या रांगेतून त्याच्या तोतरेपणाची हलक्या आवाजात नक्कल होते. घरी परतल्यावर तो पुन्हा संघात जाण्यास नकार देतो, आणि चार दिवसांनी त्याची आई पाळकांच्या दारी येते. तिला मिळणारी उत्तरे बहुतेक मंडळ्यांत ठरलेली असतात. पहिले असे, की पोरेच ती, थट्टामस्करी चालायचीच. तिने तरीही नेट धरला तर दुसरे उत्तर येते, की मत्तयाच्या अठराव्या अध्यायाप्रमाणे तुमच्या मुलाने आधी त्या मुलांकडे एकांतात जाऊन बोलावे. आणि तेही पुरे पडले नाही तर क्षमेचा विषय निघतो व भेट संपते.

या उत्तरांना शास्त्राचा वास असतो, म्हणूनच ती शास्त्रावर घासून पाहिली पाहिजेत.

प्रथम थट्टेचे पाहू. इसहाकाचे दूध तोडले त्या दिवशी अब्राहामाने मोठी मेजवानी केली, आणि त्या मेजवानीत हागारेचा मुलगा काहीतरी करीत असलेला सारेच्या दृष्टीस पडला. तो काय करीत होता? इब्री शब्द आहे ‘मत्साहेक’. त्याचा धातू हसण्याचा आहे, आणि इसहाक हे नावही त्याच धातूतून निघाले आहे. हा धातू उत्पत्तीच्या पुस्तकात नाना रंग दाखवितो. अब्राहाम व सारा देवाचे वचन ऐकून हसतात ते याच शब्दाने. लोट आपल्या जावयांना नगराच्या नाशाविषयी सावध करतो तेव्हा तो गंमत करीत आहे असे त्यांना वाटते, तेथेही हाच धातू. पोटीफराची पत्नी योसेफावर किळसवाणा आरोप करते, तेव्हा तिच्या तोंडीही हाच. अनुवादकाची येथे मोठी पंचाईत होते. मराठीत एकच शब्द घातला तर या छटांपैकी एकच उरते आणि बाकीच्या वाचकाच्या हातून निसटतात.

ही पंचाईत आजची नव्हे. ख्रिस्तापूर्वी जुन्या कराराचे ग्रीक भाषांतर झाले, ज्याला आपण सेप्तुआजिंत म्हणतो, त्यात इश्माएल इसहाकाबरोबर खेळत होता असा अर्थ घेतला आहे. उलट पौल गलतीकरांस लिहिताना (४:२९) याच प्रसंगाचा उल्लेख करतो आणि थोरल्याने धाकट्याचा छळ केला असे म्हणतो. त्याने वापरलेले क्रियापद साधे नाही. आपण पूर्वी देवाच्या मंडळीचा छळ करीत होतो हे त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात (१:१३) तो सांगतो, तेथेही हेच क्रियापद आहे. म्हणजे एकाच मेजवानीतील एकाच कृतीकडे पाहून एकाने खेळ म्हटले व दुसऱ्याने छळ. यांपैकी बरोबर कोण, याविषयी टीकाकारांत आजही एकमत नाही, आणि केवळ शब्दकोश उघडून ते होणारही नाही.

आपल्या प्रश्नाला मात्र येथे एक धागा सापडतो. इश्माएल जन्मला तेव्हा अब्राहाम शहाऐंशी वर्षांचा होता व इसहाक जन्मला तेव्हा शंभर वर्षांचा. त्या दिवशी सोळा-सतरा वर्षांचा मुलगा एकीकडे होता आणि नुकते दूध तुटलेले मूल दुसरीकडे. बरोबरीच्या दोघांत जो खेळ ठरेल तो अशा दोघांत खेळ ठरेलच असे नाही. कृतीला कोणते नाव द्यावे हे हसण्याच्या आवाजावरून ठरत नाही, त्या दोघांमधील अंतरावरून ठरते.

लूकाच्या बाविसाव्या अध्यायात हे आणखी उघडपणे दिसते. प्रभू येशूला धरून ठेवणारे लोक त्याचे डोळे बांधतात, त्याला मारतात आणि कोणी मारले ते ओळख म्हणून विचारतात. आपल्या अंगणातील आंधळी कोशिंबीर आठवावी असाच हा प्रकार आहे. लूकाने येथे वापरलेल्या ग्रीक क्रियापदाच्या पोटात ‘मूल’ हा शब्द आहे. त्याचा मूळ भाव मुलांसारखे खेळणे असा आहे आणि रूढ अर्थ विटंबना करणे. त्या रात्री पहारा करणाऱ्यांना विचारले असते तर त्यांनीही सांगितले असते, की रात्र सरत नव्हती, जरा गंमत केली.

नॉर्वेतील मानसशास्त्रज्ञ डान ओल्वेयस यांनी १९७० च्या दशकापासून या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला. १९८२ च्या अखेरीस नॉर्वेच्या उत्तर भागात तीन किशोरवयीन मुलांनी आपले जीवन संपविले. सोबत्यांनी केलेला छळ हे त्यामागील संभाव्य कारण असल्याचे पुढे आले आणि १९८३ मध्ये त्या देशातील शाळांत याविरुद्ध राष्ट्रीय मोहीम उघडण्यात आली. ओल्वेयस यांनी छळाची तीन लक्षणे सांगितली: दुखविण्याचा हेतू, पुनःपुन्हा घडणे, आणि दोघांच्या बळातील असा फरक की सोसणाऱ्याला सहज स्वतःचा बचाव करता येत नाही. हे बळ केवळ दंडातील नव्हे. वय, पैसा, रंग, भाषा, घराण्याचे नाव, सोबत्यांची संख्या, गिटार वाजविता येणे, बाप पंच असणे, यांपैकी काहीही बळ असू शकते.

ही लक्षणे मनात ठेवून हन्नेची गोष्ट पुन्हा वाचा. आपण ती प्रार्थनेचा धडा म्हणून शिकवितो, आणि ते योग्यच आहे. परंतु पनिन्ना तिला मुद्दाम चिडवीत असे. हे वर्षानुवर्षे चालले होते. आणि एकीला मुले होती व दुसरीला नव्हती. तिन्ही लक्षणे पहिल्या सात ओवींत आली आहेत. ‘सवत’ या अर्थी तेथे जो इब्री शब्द आहे, ‘सारा’ असा काहीसा त्याचा उच्चार (अब्राहामाच्या पत्नीच्या नावाशी त्याचा संबंध नाही), त्याच उच्चाराच्या शब्दाचा दुसरा अर्थ ‘संकट’ असा होतो. आणि हे सारे घडते कोठे? शिलो येथे, परमेश्वराच्या मंदिराकडे जाण्याच्या वार्षिक यात्रेत. घरच्या अंगणापेक्षा उपासनेच्या वाटेवर हा छळ तीव्र होत असे. शिबिरे, अधिवेशने, नाताळच्या नाटकाच्या तालमी भरविणाऱ्या आपणां सर्वांना हा तपशील अस्वस्थ करील तर बरे.

आता मोठ्या माणसांकडे पाहा. एलकाना प्रेमळ आहे, पण त्याचे सांत्वन विषयाला बगल देते: मी तुला पुरेसा नाही काय, असे तो विचारतो. त्याने पनिन्नेला काही विचारल्याचे शास्त्रात आढळत नाही. तो हन्नेला भोजनाचा वेगळा वाटा देतो (तो वाटा दुप्पट होता की आणखी कसा, याविषयी मूळ मजकूर अवघड आहे). पण सर्वांदेखत केलेल्या अशा लाडाने सोसणाऱ्याचे हाल कमी होत नाहीत, उलट वाढतात. याकोबाने योसेफाला दिलेल्या झग्याने काय झाले ते आपण जाणतो. याजक एली तर दारापाशी आसनावर बसून तिच्या हलणाऱ्या ओठांवरून ती प्यालेली आहे असा निकाल देतो. रडणारे मूल, जेवण टाकणारे मूल, उपासनेला येण्याच्या वेळी पोट दुखते म्हणणारे मूल आपणांलाही प्रथम बिघडलेलेच वाटते. एलीच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे, की तिने खुलासा करताच त्याने आपला निकाल बदलला. आणि लक्षात घ्या, तिने खुलाशातही पनिन्नेचे नाव घेतले नाही. सोसणारे सहसा नाव घेत नाहीत. नाव मिळाले नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही.

आता मत्तय अठरा. हा अध्याय मंडळीच्या कामकाजात फार वापरला जातो आणि बहुधा पंधराव्या ओवीपासूनच वाचला जातो. त्याआधीच्या चौदा ओवींत काय आहे? प्रभूने एका बालकाला मध्ये उभे केले. ‘या लहानांपैकी एक’ हे शब्द सहाव्या, दहाव्या व चौदाव्या ओवीत येतात. लहानाला अडखळविणाऱ्याच्या गळ्यात जाते बांधण्याची भाषा तेथे आहे, आणि मूळ ग्रीक शब्द आपल्या स्वयंपाकघरातील जात्याचा नव्हे, तर गाढवाला जुंपून फिरविण्याच्या प्रचंड जात्याचा आहे. मग नव्याण्णव मेंढरे सोडून एकाला शोधणारा मेंढपाळ येतो. आणि त्यानंतर अपराधी भावाकडे एकांतात जाण्याविषयीची आज्ञा येते. ज्या अध्यायाचा प्रारंभ लहानांच्या रक्षणाने होतो त्यातील आज्ञा लहानालाच त्याच्या छळणाऱ्यांपुढे एकटे उभे करण्यासाठी वापरणे म्हणजे अध्याय उलटा धरून वाचणे होय.

येथे हस्तलिखितांचा एक प्रश्नही आहे. पंधराव्या ओवीत ‘तुझा अपराध केला’, ‘तुझ्याविरुद्ध’, अशा अर्थाचे शब्द आपण वाचतो. सीनाय व व्हॅटिकन या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या चौथ्या शतकातील दोन महत्त्वाच्या हस्तलिखितांत ‘तुझ्याविरुद्ध’ हे शब्द नाहीत. ते मुळात होते की नव्हते याचा निर्णय संपादकांनाही सोपा गेलेला नाही. ते नाहीत असे धरले तर आज्ञा केवळ दुखावलेल्याला राहत नाही. भावाचे पाप ज्या कोणाला दिसले त्याला ती लागू होते. अर्थात शिबिराच्या प्रमुखाला, गटनायकाला, शब्बाथशाळेच्या शिक्षिकेला. आणि ते शब्द धरले तरी ‘भाऊ’ म्हणून समोरासमोर जाण्यासाठी जी बरोबरी लागते ती तेरा वर्षांच्या मुलाजवळ सहा जणांपुढे नसते. शाळांतून या विषयावर काम करणारे अनेक जाणकारही हेच सांगतात, की दोन समबलांच्या भांडणात समेट उपयोगी पडतो, पण जेथे एकजण दुसऱ्याला दाबतो तेथे दोघांना एका बाकावर बसविल्याने दाबला गेलेला अधिकच दबतो.

दोघे-तिघे प्रभूच्या नावाने जमतात तेथे त्याच्या उपस्थितीचे अभिवचनही याच अध्यायातील आहे. प्रार्थनेला माणसे कमी आली की आपण त्या वचनाने समाधान मानतो. त्याचे मूळ स्थान मात्र अपराधाची शहानिशा करणाऱ्या बैठकीत आहे. तक्रार ऐकण्यास बसलेल्या दोन वडिलांनी ते आठवावे.

क्षमेविषयी थोडक्यात लिहितो. उजव्या गालावर मारणाऱ्याकडे दुसरा गाल करण्याची आज्ञा मार खाणाऱ्या शिष्याला आहे. मार पाहणाऱ्या तिसऱ्याने ती मार खाणाऱ्याला ऐकवावी असे प्रभूने कोठेही म्हटलेले नाही. शिवाय महायाजकाच्या घरी शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा खुद्द प्रभूने कारण विचारले (योहान १८:२३). क्षमा ही दुखावलेल्याने द्यावयाची देणगी आहे, कमिटीने वसूल करावयाची वर्गणी नव्हे.

मग करावे काय? तक्रार आली की प्रथम मुलाला एकट्याला, किंवा त्याला हवे असेल त्या माणसाच्या सोबतीने, शांतपणे ऐकावे. तू काय केले होतेस, हा पहिला प्रश्न नसावा. कधीपासून, कोठे, कोण, आणि त्या वेळी आसपास कोण उभे होते, हे विचारावे. ऐकलेले तारीख घालून वहीत लिहावे व ती वही दोन जबाबदार व्यक्तींच्या ताब्यात असावी. लिहिण्याचा आग्रह मी का धरतो? योसेफाला खड्ड्यात टाकले त्या अध्यायात (उत्पत्ती ३७) त्याच्या विनवण्यांची एक ओळही नाही. त्याने जिवाच्या आकांताने विनविले आणि भावांनी ऐकले नाही, हे आपणांला कळते बेचाळिसाव्या अध्यायात, सुमारे वीस वर्षांनंतर, आणि तेही भाऊ स्वतः संकटात सापडतात तेव्हा.

नंतर ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांना बोलवावे, पण एकेकाला. टोळके एकत्र बसले की नाकारण्यातही त्यांची एकी होते. शिबिराच्या शेकोटीपुढे दोघांना उभे करून हस्तांदोलन करविणे, गळाभेट घडविणे, किंवा सार्वजनिक प्रार्थनेत त्या मुलासाठी नाव घेऊन विनंती करणे, हे कृपा करून टाळावे. हेतू शुद्ध असतो, पण ती आणखी एक विटंबना होते. अलीशाच्या टकलाची थट्टा करणाऱ्या मुलांची व अस्वलांची गोष्ट सांगून धाक घालण्याचाही मोह काहींना होतो. त्या उताऱ्याचा अर्थ हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पण एवढे खरे, की अस्वलांच्या भयाने गप्प बसलेली मुले शिक्षकाची पाठ फिरताच पुन्हा बोलू लागतात.

बघ्यांचा विचार आपण सर्वांत कमी करतो. फिनलंडमधील संशोधक क्रिस्तिना साल्मिवाली व त्यांचे सहकारी यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले, की छळ हा दोघांमधील व्यवहार नसतो. कोणी मदत करतो, कोणी हसून उत्तेजन देतो, कोणी दूर राहतो, आणि काहीजण बाजू घेतात. हसणारे थांबले की करणाऱ्याचा निम्मा आनंद जातो. रूबेन आठवा. तो दुष्ट नव्हता. योसेफाला मारू नका असे त्याने सांगितले, मागाहून त्याला सोडविण्याचा त्याचा बेतही होता. पण त्याला तेथल्या तेथे उघडपणे सोडविले नाही, आणि परत आला तेव्हा खड्डा रिकामा होता. आपल्या संघांत रूबेन पुष्कळ आहेत. मोठ्याने विरोध करण्याचे बळ नसेल तर निदान त्या मुलाशेजारी जाऊन जेवावयास बसावे, आणि जे पाहिले ते त्याच दिवशी जबाबदार माणसाला सांगावे, एवढे त्यांना शिकविता येईल. हे सांगणे म्हणजे चहाडी नव्हे, हेही शिकवावे लागेल, कारण चुगलखोर ठरण्याचे भय मुलांना फार असते.

नावे ठेवण्याविषयी प्रभू किती कठोर बोलला ते मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे. ‘राका’ या अरामी शब्दाचा अर्थ रिकामा, अक्कलशून्य, असा काहीसा आहे. आपल्या मानाने तो सौम्यच म्हणावा लागेल. आपल्याकडे नावे रंगावरून पडतात, लठ्ठपणावरून पडतात, गावावरून व आडनावावरून पडतात, आणि ख्रिस्ती होण्यापूर्वी आजोबा कोण होते येथपर्यंत जातात. इंदूर, बडोदा, हैदराबाद येथील मराठी मंडळ्यांत वाढलेली मुले महाराष्ट्रातील शिबिराला येतात तेव्हा त्यांच्या हिंदीमिश्रित मराठीची नक्कल होते. मराठी शास्त्र वाचण्याची त्यांची इच्छा तेथेच संपू शकते. आणि वडीलधाऱ्यांनीही आपली जीभ तपासावी. व्यासपीठावरून एखाद्या मुलीच्या जाडीवर विनोद करणारा वक्ता, हरलेल्याला शिक्षा म्हणून साडी नेसवून नाचविणारा खेळप्रमुख, नव्या सभासदांच्या ‘ओळखी’च्या नावाखाली रात्री काय चालते ते ठाऊक असून झोपेचे सोंग घेणारा गटनायक, यांच्यापुढे मुलांना उपदेश कोणत्या तोंडाने करावा?

ही ‘ओळख’ म्हणजे महाविद्यालयांतील रॅगिंगच होय. महाराष्ट्रात १९९९ साली शिक्षणसंस्थांतील रॅगिंगवर बंदी घालणारा कायदा झाला, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले आणि २००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नियम केले. तरुण संघ ही शिक्षणसंस्था नव्हे हे खरे, पण ती आपल्याला मिळालेली सूट समजणे लाजिरवाणे ठरेल. आता बराचसा छळ मोबाइलवर होतो. संघाच्या अधिकृत व्हॉट्सॲप गटात वचने व वाढदिवसाच्या शुभेच्छा असतात. मोठ्यांना न घेतलेला दुसरा गट असतो, आणि विद्रूप केलेली छायाचित्रे तेथे फिरतात. असा गट आहे काय, हे मुलांना सरळ विचारावे, कोणीतरी सांगतेच.

एका बाबतीत मंडळीला स्वतःपुरता निर्णय घेण्याची मुभाच नाही. छळात लैंगिक स्पर्श, कपडे काढावयास लावणे, तशी चित्रे काढणे वा दाखविणे असे काही असेल आणि मूल अठरा वर्षांखालील असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला ते कळले, किंवा तसा संशय आला, त्याने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. न कळविणे हा कलम २१ प्रमाणे गुन्हा आहे. मंडळीच्या नावाला बट्टा लागेल हे कारण तेथे चालत नाही. मुलांना स्वतःलाही मदत मागता यावी म्हणून १०९८ हा बालकांच्या मदतीचा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक शब्बाथशाळेच्या फळ्यावर लिहून ठेवावा.

आरोप पंचाच्या किंवा पाळकांच्या मुलावर असला तर? खरी कसोटी येथेच असते. ज्यांचा त्या घराशी नात्याचा वा निवडणुकीचा संबंध नाही अशा दोघांनी, त्यांत एक स्त्री असावी, चौकशी करावी आणि बापाने त्या बैठकीत बसू नये. एवढा नियम शिबिराच्या अर्जावर आधीच छापलेला असला तर ऐनवेळी कोणाचाही अपमान होत नाही.

छळणारा मुलगाही आपलाच आहे. इश्माएलाची कथा त्याला घालवून दिल्यावर संपत नाही. पाण्याची मसक रिती होते, आई त्याला झुडपाखाली टाकून दूर बसते, आणि तो जेथे होता तेथून देवाने त्याची वाणी ऐकली असे शास्त्र सांगते. देव ऐकतो हाच त्याच्या नावाचा अर्थ आहे. अनेकदा असा मुलगा स्वतः कोठेतरी मार खात असतो, घरी किंवा वसतिगृहात. तेही विचारले पाहिजे. पण विचारपूस म्हणजे सोडून देणे नव्हे. काही काळ त्याने व्यासपीठावर येऊ नये, वाद्य वाजवू नये, गट चालवू नये. जे मोडले, भिजविले, पसरविले ते भरून द्यावे. त्याच्या आईवडिलांना सर्व लेखी कळवावे. दुखावलेल्या मुलाने संघ सोडावा व दुखविणाऱ्याने गिटार वाजवीत राहावे ही आजची रीत उलटली पाहिजे.

एक भेट घेऊन हे काम संपत नाही, कारण तक्रार केल्याचा सूड बहुधा आठवडा-दोन आठवड्यांनी घेतला जातो. म्हणून आठ दिवसांनी, महिन्याने आणि तीन महिन्यांनी वहीतील ते पान उघडावे, मुलाच्या घरी जावे, चहा घ्यावा, आणि आईसमोर नव्हे तर अंगणात त्याच्याबरोबर चार पावले चालताना विचारावे, की आता कसे आहे. उत्तर येण्यास वेळ लागला तर आणखी चार पावले चालावे.